जे कापलं ते

सुईतून निघतं ते शून्य पूर्णांक तीन मिलिव्होल्ट.
एवढ्याशाने मुंगीसुद्धा दचकायची नाही.
ते हजारपट मोठं करायचं,
आणि करताना आपल्या पदरचं काही मिसळायचं नाही.

वेंगुर्ल्यात, काजूच्या कारखान्यामागच्या खोलीत,
टेबलावर तीन डबे.
एक जर्मन, ट्रान्झिस्टरचा, ऑपरेशनच्या खोलीसारखा स्वच्छ.
एक पुण्याच्या कुणा हौशी माणसाने हाताने बांधलेला,
चार व्हॉल्व्हचा, पेटला की चुलीजवळ बसल्यासारखं वाटतं.
तिसरा माझा जुनाच. पंधरा वर्षं इमानी,
हल्ली डाव्या बाजूला पुटपुटतो.

दोन्ही नवे महिनाभर ठेवून बघायला आणलेत.
किंमत बायकोला सांगितली आहे,
एक शून्य कापून.

तबकडी कोरतानाही कापतात.
खर्ज तेवढाच ठेवला तर एक खाच
शेजारच्या खाचेत शिरेल, भावकीतल्या बांधासारखी.
म्हणून तो आधी उतरवायचा
आणि वाजवताना परत द्यायचा, मोजून,
जितका घेतला तितकाच.
या डब्यांचं खरं काम एवढंच.
बाकी सगळं ॲल्युमिनियम.

पहिले आठ दिवस दोघांतूनही एकच ऐकू आलं:
घूं.
मी केबली बदलल्या. खाऱ्या हवेने पिनांवर आलेलं हिरवं
स्पिरिटने पुसलं. फ्रिज बंद केला, लोणी वितळलं.
शेवटी इनास फर्नांडिसला बोलावलं,
जो ट्रॉलरांवरचे वायरलेस दुरुस्त करतो.
तो डब्यांकडे बघेचना. मागच्या दारी गेला,
विहिरीकडच्या अर्थिंगच्या खड्ड्याशी उकिडवा बसला.
"सायबानु, चिऱ्याची जमीन, त्यात मे म्हयनो.
ही काय पिता?"
काजूच्या टरफलांचा कोळसा, शिरोड्याचं जाडं मीठ,
सहा कळश्या पाणी.
घूं गेलं. दीडशे रुपये घेतले त्याने,
आणि एक पाव किलो पाकळी.

आता निवडायला हवं होतं.
पण कुडाळच्या डॉक्टरने मागल्या वर्षी आलेख काढून दाखवलाय:
सहा हजारांच्या पुढे माझा कान म्हणजे ओहोटी.
तीस वर्षं बॉयलरशेजारी उभा राहिलो, त्याची वसुली.
तरी लाखाच्या सुईखाली
मी आपला मान हलवत बसतो.

म्हणून शालनला हाक मारली.
ग्रेडिंगच्या टेबलावर सत्तावीस वर्षं,
दोनशे दहा आणि दोनशे चाळीस
न बघता बोटांनी वेगळे करते.
खुर्चीवर बसली नाही. उभ्याउभ्याच ऐकलं,
आधी पुण्याचा, मग जर्मन, मग पुन्हा पुण्याचा.
"हेच्यात तबलेवालो पडवेक जावन बसलोहा.
तेच्यात तो फुड्यात आसा."
थांबली.
"आणि तेच्यात ह्या बायेक सर्दी झालीहा."

सर्दी.
अंतऱ्याला तो जो ओलसर, मागे सरकणारा सूर,
ज्याला मी करुण म्हणत आलो,
दादांच्या तेराव्यानंतर पाहुणे गेल्यावर
दार लावून जो चार वेळा ऐकला,
ज्याच्याबद्दल मी मित्रांना पत्रं लिहिली.

पुन्हा लावली. जर्मन डब्यातून, आवाज जरा वाढवून.
होती.
नाक चोंदलेलं, श्वास तोंडाने घेतलेला,
समेच्या आधी एक बारीकसं सूं,
माझ्या ओहोटीच्याही अलीकडे, स्पष्ट.
ताप असावा. रेकॉर्डिंगची तारीख बदलता आली नसावी.
तरी बाई अंतऱ्यावर चढल्या, आणि पोचल्या.

पुण्याच्या डब्यात ही सर्दी दिसत नाही.
तो तिच्या अंगावर शाल घालतो.
चांगला माणूस असणार बांधणारा.

शालनची सहा दहाची एसटी होती.
जाताना म्हणाली, "आल्याचो काढो घेवक व्हयो होतो तिना."

शाल मी खोक्यात घालून पुण्याला परत पाठवली.
पत्रात कारण लिहिलं, आणि ते पटणार नाही हेही.

रात्री जेवताना बायकोला ते शून्य परत दिलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही,
सोलकढीची वाटी फक्त थोडी लांब सरकवली.
मग ताट उचलताना म्हणाली,
"लाव. ऐकू दे तरी ती सर्दी."